विमान कोणाचे : उडवणाऱ्याचे की उभे करणाऱ्याचे?

गोदाकाठची_लेक (धागाकर्ती)

सैनिकी विमानांच्या जगातले दोन्ही पक्ष एकाच गावात नांदताना पाहायचे असतील, तर नाशिकसारखे दुसरे ठिकाण सापडणे अवघड आहे. नाशिकच्याच गांधीनगर भागात लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, आणि नोकरी संपल्यावर यातले अनेक जण उपनगर, देवळाली कॅम्प, पाथर्डी फाटा अशा भागांत घरे बांधून इथलेच होऊन जातात.

आमच्या घरातही हे दोन पक्ष आहेत. माझे वडील हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी त्यांनी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा तंत्रज्ञ, म्हणून केली. माझा आतेभाऊ गांधीनगरला शिकून लष्करात हेलिकॉप्टर वैमानिक झाला. दिवाळीला मामा-भाचे एका पंगतीला बसले की जुंपलीच म्हणून समजा. भाचा म्हणतो, "मामा, पाना तुम्ही फिरवा, आभाळ आम्ही बघतो." वडील वाढलेल्या ताटावरून मान न उचलता म्हणतात, "आम्ही सही केली नाही तर तुझे आभाळ हँगरच्या पत्र्यापाशीच संपते."

ही चेष्टा मला फार मोलाची वाटते, आणि त्याचे कारण असे. वैमानिक हा अधिकारी असतो आणि विमानाला हात लावणारा तंत्रज्ञ बहुधा एअरमन, म्हणजे अधिकारी पदाखालचा सैनिक, असतो. पंचविशीही न ओलांडलेल्या फ्लाइंग ऑफिसरला पंचेचाळिशीतला वॉरंट ऑफिसर 'सर' म्हणतो, पण त्या विशिष्ट विमानाची खोड त्या वॉरंट ऑफिसरलाच अधिक ठाऊक असते. हुद्द्याने लहान असलेल्याने हुद्द्याने मोठ्या असलेल्याची चूक दाखवायची, हे वर्दीत सोपे नसते. चेष्टेच्या सुरात मात्र तीच गोष्ट सहज बोलून जाता येते आणि ऐकणाऱ्याचाही मान राहतो. म्हणून मी असे मानते की ही नोकझोक म्हणजे नुसती करमणूक नसून उड्डाणाच्या सुरक्षिततेचाच एक भाग आहे.

ज्यांनी हे जग आतून पाहिले आहे त्यांना हे पटते का? दोन्ही बाजूंचे अनुभव वाचायला आवडतील.

निवृत्त_फिटर

ताई, तुमच्या वडिलांनी सहीचा दाखला दिला, आणि या सगळ्या भांडणाचा गाभा तीच सही आहे, म्हणून ती कशी होते ते आधी सांगतो.

प्रत्येक विमानाची एक वही असते, तिला फॉर्म ७०० म्हणतात. उड्डाणापूर्वी एअरफ्रेम, इंजिन, इलेक्ट्रिकल, रेडिओ, शस्त्रे अशा प्रत्येक ट्रेडचा माणूस आपापली तपासणी करून तीत सही करतो, त्यावर पर्यवेक्षक सही करतो, आणि शेवटी वैमानिक ती वही वाचून विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. त्या शेवटच्या सहीपर्यंत विमान आमचे असते. उतरल्यावर काही बिघाड जाणवला असेल तर वैमानिक तो लिहितो, त्याला आम्ही स्नॅग म्हणतो, आणि त्याची सही झाली की विमान पुन्हा आमचे होते. "विमान आमचेच आहे, तुम्ही घटकाभर उसने नेता," असे जगभरचे तंत्रज्ञ वैमानिकांना चिडवतात. कागदपत्रांकडे पाहिले तर या चिडवण्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

दुसरी गोष्ट शिडीवरची. वैमानिक कॉकपिटमध्ये बसला की शिडीवर उभे राहून त्याच्या खांद्यांवरचे पट्टे आवळणारा आमच्यातलाच एक असतो. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना तो काढतो, त्यांच्या लाल फिती हातात धरून वैमानिकाला एकेक पिन मोजून दाखवतो, आणि वैमानिकाने मान हलवल्यावरच खाली उतरतो. माझे एक वरिष्ठ पट्टा आवळताना न चुकता म्हणायचे, "साहेब, जसे देतोय तसेच परत आणा." त्यावर आमचे एक फ्लाइट लेफ्टनंट तितक्याच नेमाने म्हणायचे, "आधी एकदा पूर्ण तरी द्या." दोघांनीही हे वाक्य गाळलेले मी पाहिले नाही. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, बंद होण्यापूर्वी माणसाच्या तोंडून आलेले शेवटचे बोलणे ते असायचे, आणि त्यामुळे मला ते फार जवळचे वाटते.

द्राक्षमळा

ती प्रसिद्ध यादी आपण सर्वांनीच वाचली असेल. वैमानिक वहीत लिहितो, "कॉकपिटमध्ये काहीतरी सैल झाले आहे," आणि तंत्रज्ञ खाली उत्तर लिहितो, "कॉकपिटमध्ये काहीतरी घट्ट केले." असे खरोखर घडते का, हे फिटरकाकांनी सांगावे.

निवृत्त_फिटर

ती यादी मलाही आवडते, आणि वेगवेगळ्या देशांतल्या हवाई दलांच्या व विमान कंपन्यांच्या नावावर ती खपवली जाते, यावरूनच ती कोणा एकाची नाही हे कळते. आमच्या वहीत असे लिहिण्याची कोणाची छाती झाली नसती. अपघात झाला तर चौकशी मंडळ सर्वांत आधी ज्या गोष्टी ताब्यात घेते त्यांत ही वही असते. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला लिहिणारा माणूस जबाबदार असतो.

त्या यादीतला पहिला भाग मात्र अगदी खरा आहे, कारण वैमानिक काही वेळा फारच मोघम लिहितात. "इंजिनाचा आवाज वेगळा येतो," एवढ्या एका ओळीवर इंजिन फिटरने काय करावे? कोणत्या उंचीवर, किती आरपीएमला, वळणात की सरळ जाताना, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पुढे नेताना की मागे घेताना, हे कळल्याशिवाय तो बिघाड जमिनीवर पुन्हा उभा करता येत नाही. आमचा एक सार्जंट अशा वेळी वही घेऊन थेट क्रू रूममध्ये जायचा आणि सर्वांदेखत विचारायचा, "सर, आवाज इंजिनाचा होता की सकाळी नाश्ता राहिला होता?" सगळे हसायचे, साहेबही हसायचे, आणि पुढची दहा मिनिटे दोघे एका बाकावर बसून त्या आवाजाची उलटतपासणी करायचे. त्यानंतर त्या साहेबांच्या हातचे स्नॅग इतके नेमके येऊ लागले की नव्या वैमानिकांना ते नमुना म्हणून दाखवले जात.

रोटर_निवृत्त

मी दुसऱ्या पक्षाचा, लष्करी हेलिकॉप्टरचा. आमच्याकडचे नाते थोडे वेगळे असते ते सांगतो.

आर्मी एव्हिएशन कोअर, म्हणजे लष्कराची हवाई शाखा, १ नोव्हेंबर १९८६ रोजी वेगळी झाली, आणि गांधीनगरची आमची प्रशिक्षण संस्था २००३ मध्ये सुरू झाली. हेलिकॉप्टरची देखभाल करणारे तंत्रज्ञ मात्र ईएमईचे (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स), म्हणजे वेगळ्या कोअरचे. त्यामुळे आमच्याकडे वैमानिक विरुद्ध तंत्रज्ञ या भांडणात कोअर विरुद्ध कोअर असा आणखी एक मसाला पडतो. व्हॉलीबॉलच्या सामन्यात त्याची पुरती वसुली होते.

चीता हेलिकॉप्टर सियाचिनच्या वरच्या चौक्यांकडे जाते तेव्हा हवा इतकी विरळ असते की नेता येणारे वजन काही वेळा वीस-चाळीस किलोंवर येते. तिथे प्रत्येक किलोचा हिशेब असतो आणि हा हिशेब चेष्टेचा अखंड विषय असतो. आमचे एक हवालदार सामान तराजूवर ठेवताना माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणायचे, "साहेब, रात्री दोन पोळ्या कमी खाल्ल्या असत्या तर वरच्या पोरांना रॉकेलचा एक डबा जास्त गेला असता." हे वाक्य चेष्टेचे होते, पण त्यातले गणित बरोबर होते. तिथल्या मुक्कामात मी खरोखरच जेवण आवरते घेतले.

मोठ्या दुरुस्तीनंतर चाचणी उड्डाण असते. त्या वेळी मी दुरुस्ती करणाऱ्या मुख्य तंत्रज्ञाला शक्य असेल तेव्हा शेजारच्या आसनावर बसवत असे. "तुमच्या कामावर माझा विश्वास आहे, तुमचा आहे का ते बघू," असे मी म्हणायचो. कोणीही कधी नकार दिला नाही, उलट कोण बसणार यावर त्यांच्यात चढाओढ लागायची. रोटरच्या पात्यांची कंपने आकड्यांत मोजली जातातच, पण ती स्वतःच्या पाठीच्या कण्यात जाणवलेला तंत्रज्ञ पुढच्या वेळी पाते वेगळ्या नजरेने जुळवतो, असा माझा अनुभव आहे.

देवळाली_कॅम्प

मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावणार आहे. मी हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत अधिकारी होते, म्हणजे एका बाजूला वैमानिक आणि दुसऱ्या बाजूला एअरमन, यांच्या मधोमध उभी. ब्रिटिश हवाई दलात न उडणाऱ्या अधिकाऱ्यांना पेंग्विन म्हणत, आणि ती परंपरा आपल्याकडच्या मेसमध्येही थोडीबहुत झिरपली होती. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे.

धागाकर्तीने चेष्टेला सुरक्षिततेचा भाग म्हटले आहे. खालून वर जाणाऱ्या चेष्टेपुरते ते खरे असेल. वरून खाली येणारी चेष्टा आणि बरोबरीच्या लोकांतली चेष्टा यांचे परिणाम निराळे असतात. एका तळावर एका नव्या वैमानिकाचे लँडिंग जड झाले. त्याने नियमाप्रमाणे ते वहीत लिहिले, विमान तपासणीला गेले, आणि दिवसभराची उड्डाणे विस्कटली. त्याला मेसमध्ये आणि टारमॅकवर, म्हणजे विमाने उभी असतात त्या फरसबंद जागेवर, मिळून जे टोपणनाव पडले ते काही महिने सुटले नाही. सगळे प्रेमाने म्हणायचे, यात शंका नाही. पुढे दुसऱ्या एका वैमानिकाचे लँडिंग तसेच जड झाले, आणि त्याने काहीच लिहिले नाही. नंतरच्या एका तपासणीत एका कॉर्पोरलला चाकाच्या मुख्य जोडणीजवळ पत्र्यावर बारीक सुरकुती दिसली. टॉर्च आडवी धरल्याशिवाय ती दिसत नव्हती. रंगाला तडा नव्हता, रिव्हेट जागच्या जागी होते, फक्त प्रकाश एका ठिकाणी किंचित वाकत होता. ती दिसण्यापूर्वी त्या विमानाने किती उड्डाणे केली होती याचा विचार आला की मला आजही अस्वस्थ वाटते.

तसेच तंत्रज्ञांच्या बाजूनेही. एखादा नवखा मुलगा शंका आली म्हणून विमान थांबवतो आणि मग त्याला 'घाबरट' म्हणून आठवडाभर चिडवले जाते. पुढच्या वेळी शंका आली तर तो बोलेल का? माणसाला गप्प बसायला शिकवणारी चेष्टा मला सुरक्षिततेच्या खात्यात जमा करता येत नाही.

सातपूरचा_वाचक

देवळाली_कॅम्प यांच्याशी पूर्ण सहमत. कारखान्यांतही मी हेच पाहिले आहे.

निवृत्त_फिटर

मॅडम, सुरकुतीचा किस्सा वाचून मन हलले, आणि त्या कॉर्पोरलच्या नजरेला माझा सलाम सांगतो. आपले म्हणणे मला मान्य आहे, फक्त त्यात एक भर घालतो.

लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये जी-मीटर असतो. विमानाने वळताना किती ताण सोसला हे तो दाखवतो, आणि त्यात एक जादा काटा असा असतो की तो सर्वांत मोठ्या आकड्यावर जाऊन तिथेच थांबतो, बटण दाबून खाली आणेपर्यंत हलत नाही. विमान परत आले की शिडी लावून वर चढणारा जुना तंत्रज्ञ वैमानिकाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्या काट्याकडे पाहतो. आमचे वरिष्ठ तो आकडा बघून म्हणायचे, "साहेब, आज कोणाशी भांडलात वर?" यात वैमानिकाला स्वतःहून सांगण्याची संधी दिलेली असते. बहुतेक जण लगेच सांगायचे, कारण काटा समोर होता आणि विचारणाऱ्याच्या आवाजात आरोप नव्हता. तेच जर "मर्यादा का ओलांडली?" असे विचारले असते, तर आधी खुलासे सुरू झाले असते. आता नव्या विमानांत सगळे आकडे आपोआप नोंदले जातात, त्यामुळे लपवण्याला वाव कमी झाला आहे, पण आकडा बाहेर पडण्यापूर्वी माणसाने आपण होऊन बोलणे याची किंमत कमी झालेली नाही.

टोपणनावे मात्र वाईट, याबाबत मी आपल्याच बाजूचा आहे. प्रश्न विचारणारी चेष्टा त्याच दिवशी संपते, टोपणनाव बदलीच्या गावीही माणसाच्या मागे येते.

द्राक्षमळा

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच. जमिनीवरचा माणूस वर गेला तर काय होते याचे उत्तर इतिहासात आहे. २२ जुलै १९६६ रोजी इंग्लंडमधल्या लायनम तळावर वॉल्टर होल्डन नावाचे ब्रिटिश हवाई दलाचे अभियंता अधिकारी एका लाइटनिंग लढाऊ विमानातला विजेचा बिघाड शोधत होते. विमान धावपट्टीवर थोडे थोडे पळवून पाहायचे, एवढेच काम होते. थ्रॉटल नको तितका पुढे सरकून आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी यंत्रणा) पेटला, तो मागे घेता येईना, आणि विमान हवेत गेले. कॉकपिटवर कॅनोपी नव्हती. इजेक्शन सीटच्या पिना लावलेल्याच असल्याने उडी मारण्याचाही मार्ग नव्हता. होल्डन यांनी पूर्वी फक्त लहान पंख्याची प्रशिक्षण विमाने चालवली होती. दोनदा उतरण्याचा प्रयत्न फसला आणि तिसऱ्या वेळी त्यांनी ते विमान खाली आणले. ते विमान आज डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे.

सातपूरचा_वाचक

त्याच मालिकेतली दुसरी गोष्ट ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेतल्या तंत्रज्ञ मार्गारेट हॉर्टन यांची. १९४५ च्या फेब्रुवारीत, जोराच्या वाऱ्यात स्पिटफायर लढाऊ विमानाचे शेपूट उचलले जाऊ नये म्हणून टॅक्सी करताना जमिनीवरची माणसे शेपटावर बसत, त्याप्रमाणे त्या बसल्या होत्या. त्या उतरल्या आहेत असे समजून वैमानिकाने उड्डाण केले. शेपूट जड लागते आहे हे त्याला जाणवले, एक फेरी मारून तो खाली आला, आणि हॉर्टन सुखरूप उतरल्या. तेही विमान आजवर जपून ठेवलेले आहे.

या दोन गोष्टींवरून तरी वैमानिकांनी जमिनीवरच्या लोकांना 'तुम्ही खालीच राहा' असे म्हणू नये.

रोटर_निवृत्त

होल्डन यांची गोष्ट आम्ही प्रशिक्षणार्थींना सांगायचो, पण तिच्यातून आम्ही दुसराच धडा काढायचो. एका अभियंत्याने पहिल्यांदाच असे विमान उतरवले याचे कारण त्याला त्या विमानाची रचना पक्की ठाऊक होती. मग वैमानिकाला आपल्या यंत्राच्या पोटातले निम्मे तरी ठाऊक नको का? त्या तासानंतर हँगरमध्ये जाऊन तंत्रज्ञांचे डोके खाणाऱ्यांची संख्या वाढायची. तंत्रज्ञ वरवर कुरकुर करायचे, "साहेब, तुम्ही उडा, आम्हाला काम करू द्या," पण शिकवायला कोणी नाही म्हणत नसे.

ओझर_टाउनशिप

चर्चा छान चालली आहे, पण यात तिसऱ्या पक्षाला कोणी विचारलेले नाही. आम्ही ना वैमानिक, ना वर्दीतले तंत्रज्ञ. आम्ही कारखान्यातले.

मिग विमाने देशात बनवण्यासाठी १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला. इंजिने ओडिशातल्या कोरापुटहून यायची, विमानाचा सांगाडा आणि जुळणी इथली. मिग-२१ च्या अनेक आवृत्त्या, मग मिग-२७, मग सुखोई-३०, असा हा प्रवास आहे. माझे वडील आणि मी, दोन पिढ्या त्याच फाटकातून आत गेलो. हवाई दलाचे लोक विमान घ्यायला आले की जी तपासणी चाले ती मुलगी पाहायला आलेल्या वरपक्षासारखी असायची. पंखाच्या कडेवरून बोट फिरवायचे, रिव्हेटवर नख घासायचे, आणि काही सापडले नाही की अधिकच संशयाने पाहायचे. आमचे फोरमन म्हणायचे, "न्या साहेब, पण सांभाळा, माहेरी तक्रार यायला नको." ओव्हरहॉलसाठी विमाने परत यायची तेव्हा त्यांच्या पोटावरचे डाग आणि पोचे पाहून आमच्या लोकांचा जीव खरोखर तुटायचा, आणि मग वैमानिक आणि हवाई दलाचे तंत्रज्ञ या दोघांचाही उद्धार एकदमच व्हायचा.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले. ८७० हून अधिक मिग-२१ हवाई दलात आली होती, आणि त्यांतली कित्येक आमच्या हातांतून गेलेली. त्या समारंभात हवाई दलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती फॉर्म ७०० सोपवला. फिटरसाहेबांनी वर ज्या वहीबद्दल लिहिले आहे तीच ही वही. आमच्या कॉलनीत तो प्रसंग टीव्हीवर पाहणारे किती तरी निवृत्त लोक होते, आणि उड्डाणापेक्षा त्या वहीच्या क्षणी त्यांचे डोळे अधिक भरून आले. लगेच पुढच्या महिन्यात, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरमध्ये तयार झालेले पहिले तेजस मार्क १ए लढाऊ विमान उडाले, त्यामुळे नव्या मुलांना आता त्यांचे स्वतःचे वरपक्ष भेटणार आहेत.

जाता जाता एक जुनी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमाने मुद्दाम निकामी करून टाकून दिली होती. १९४८ च्या सुमारास आमच्याच संस्थेच्या बंगळुरूच्या लोकांनी त्यांतली सुमारे ४० विमाने उडण्याजोगी केली, आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळुरूला नेली. भंगारातून उभी केलेली विमाने पहिल्यांदा हवेत नेण्यासाठी तंत्रज्ञाच्या हातावर किती विश्वास लागत असेल याची कल्पना करून पाहा.

द्राक्षमळा

हे सगळे वाचल्यावर एक सरळ प्रश्न विचारतो. चेष्टा राहू द्या, पण गौरव कोणाच्या वाट्याला येतो? फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर शर्थीची झुंज दिली आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, ते सर्वस्वी योग्यच आहे, आणि ते देशाला ठाऊक आहेत. हल्ला चालू असताना ते नॅट विमान सज्ज ठेवणारे हात कोणाचे होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? या नोकझोकीच्या मुळाशी ही खंत नाही का?

निवृत्त_फिटर

खंत असते, ती नाकारणार नाही. पण तिचा रोख वैमानिकांवर नसतो, बाहेरच्या जगावर असतो. १९७१ मध्येच भुजची धावपट्टी बॉम्बहल्ल्यांत उखडली गेली तेव्हा माधापर गावच्या सुमारे ३०० महिलांनी ७२ तासांत ती दुरुस्त केली. त्यांना गावाबाहेर ओळख मिळायला किती काळ गेला! अमेरिकेत विमानावर वैमानिकाच्या नावासोबत त्या विमानाच्या क्रू चीफचेही, म्हणजे देखभाल करणाऱ्या प्रमुख तंत्रज्ञाचेही, नाव रंगवतात. मला ती पद्धत फार आवडते.

रोटर_निवृत्त

द्राक्षमळा, माझ्याकडून एवढेच सांगतो की मला मिळालेल्या एकमेव प्रशस्तिपत्राची चौकट कार्यालयात नाही, हँगरमध्ये लागली होती, आणि ती तिथे लावण्याचा निर्णय माझा होता.

प्रशासक

चर्चा उत्तम चालली आहे. कृपया सध्या सेवेत असलेल्या तुकड्यांची नावे, तैनातीची ठिकाणे आणि कामाच्या वेळा लिहू नयेत. एका प्रतिसादातला असा मजकूर काढला आहे.

गोदाकाठची_लेक (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. संपूर्ण धागा वडिलांना वाचून दाखवला. देवळाली_कॅम्प यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि मग एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या परवानगीने इथे देते.

प्रत्येक तंत्रज्ञाच्या हत्यारपेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा असतो, म्हणजे एखादे जागेवर नसेल तर रिकामी जागा लगेच दिसावी. काम संपले की मोजणी होते, आणि एक जरी हत्यार कमी भरले तरी विमान उडत नाही, कारण तो पाना इंजिनात किंवा कंट्रोलच्या सळईजवळ असू शकतो. एका सकाळी वडिलांच्या हाताखालच्या एका नव्या मुलाच्या पेटीत लहान स्क्रूड्रायव्हरचा खाचा रिकामा होता. त्याने लगेच येऊन सांगितले. विमान थांबले, ज्यांचे उड्डाण होते ते स्क्वॉड्रन लीडर पूर्ण तयारीनिशी उभे होते. ते त्या मुलापाशी गेले आणि म्हणाले, "तुझ्यामुळे आज मला टारमॅक बघायला मिळणार, चल दाखव," आणि जी-सूटसकट (वळणातला ताण सोसायला वैमानिक घालतात तो पोशाख) गुडघ्यांवर बसून त्याच्याबरोबर शोधू लागले. स्क्रूड्रायव्हर विमानात नव्हताच, ट्रॉलीच्या कडेला अडकलेला सापडला. दुपारी चहाला त्या साहेबांनीच सर्वांदेखत त्या मुलाला पहिला कप दिला. वडील म्हणतात की त्या दिवसानंतर त्यांच्या तुकडीत हत्यार हरवल्याचे सांगायला कोणी क्षणभरही रेंगाळले नाही.

म्हणून माझे आधीचे म्हणणे मी थोडे दुरुस्त करते. चेष्टा सुरक्षिततेला हातभार लावते की नाही, हे ती कोण करतो यावर जितके अवलंबून आहे त्याहून अधिक ती कोणत्या क्षणी केली जाते यावर अवलंबून आहे, असे मला आता वाटते. ज्याने नुकतीच अडचणीची गोष्ट कबूल केली आहे, त्याला त्या क्षणी सोबत हवी असते.

देवळाली_कॅम्प

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्या स्क्वॉड्रन लीडरसारखे अधिकारी मीही पाहिले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली काम करणे हा सन्मान होता.

माझा अर्धा आक्षेप यामुळे मिटला, अर्धा शिल्लक आहे. अशी वागणूक त्या एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहते, आणि त्याची बदली झाली की ती त्याच्याबरोबर जाते. २०२२ च्या मे महिन्यात कॅप्टन अभिलाषा बराक गांधीनगरहून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. आता टारमॅकवर दोन्ही बाजूंना मुली असतील, वेगवेगळ्या राज्यांतली आणि वेगवेगळ्या सवयींची मुले असतील. एकाला जी चेष्टा आपुलकीची वाटते ती दुसऱ्याला तशी वाटेलच असे नाही. म्हणून मी माझ्या हाताखालच्या विभागात एक पद्धत ठरवून दिली होती. दर आठवड्याच्या बैठकीत आधी सर्वांत कनिष्ठ एअरमन बोलायचा, मग चढत्या क्रमाने बाकीचे, आणि वैमानिकांचा प्रतिनिधी सर्वांत शेवटी. त्या बैठकीत एकमेकांची थट्टा बंद होती. बैठक संपली की चहाच्या वेळी काय बोलायचे ते बोला, मी ऐकायला नसायचे. माझ्या बदलीनंतर ती पद्धत चालू राहिली की नाही, हे तिथल्याच एखाद्या जुन्या सहकाऱ्याने हा धागा वाचला तर जरूर कळवावे.